जुन्या फवारणी पंपातून घरचं कलमघर. वेळ मोजायला कपाटातलं एचएमटी काढा

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात काडी लावून झाड जगवणं अवघड. सकाळी लावलेली काडी दुपारपर्यंत मान टाकते, आठ दिवसांत काळी पडते. म्हणून बहुतेक जण काडी लावायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ नर्सरीतून रोप आणतात.

नवं रोप विकत मिळतं. पण आजीनं लावलेला मोगरा, आंगणातला जुना पेरू, विहिरीजवळचं अंजीर नर्सरीत मिळत नाही. घर वाढवताना, रस्ता रुंद होताना ही झाडं तुटतात. पेरूचं बी लावलं तर फळ तसंच येईल याची खात्री नसते. काडी किंवा गुटीपासून केलेलं झाड मात्र मूळ झाडाचीच नक्कल असते, फळही तेच आणि चवही तीच.

त्यासाठी महागडं शेडनेट लागत नाही. बिघडलेला बॅटरीचा फवारणी पंप, एक प्लास्टिक क्रेट आणि थोडी खटपट एवढ्यात काम भागतं. सोबतीला घरातलं चावीचं जुनं घड्याळही उपयोगी पडतं. ते कसं, ते पुढे पाहू.

काडी का मरते?

काडी कापली की तिला मुळं नसतात, पण पानं असतात. पानातून पाणी उडत राहतं आणि खालून भरपाई होत नाही. त्यामुळे काडी सुकते. मग आपण काय करतो? खाली भरपूर पाणी घालतो. त्यानं कापलेलं टोक कुजतं. वरून सुकणं आणि खालून कुजणं, बहुतेक काड्या या दोनच कारणांनी जातात.

उपाय सोपा आहे. पाणी मातीला कमी आणि पानाला जास्त द्यायचं. पानावर बारीक धुक्यासारखा थर सतत राहिला की पानातलं पाणी उडत नाही, पानही थंड राहतं. पण धुकं सतत सोडलं तर माती चिखल होते. म्हणून काही सेकंद धुकं, मग काही मिनिटं थांबायचं, पुन्हा काही सेकंद धुकं. सगळा खेळ या वेळेचा आहे.

आधी बिनमोटारीची पेटी

पहिल्यांदा करणाऱ्यानं मोटारीकडे जाऊ नये. भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या. तळाला गोणपाट टाका. त्यावर सहा इंच माध्यम भरा. अर्धी धुतलेली वाळू आणि अर्धं कोकोपीट चालतं. आपल्या धान पट्ट्यात राईस मिलचं तूस भरपूर मिळतं. ते अर्धवट जाळून काळा कोळसा करा आणि कोकोपीटऐवजी वापरा. पांढरी राख होईपर्यंत जाळू नका. राख खारट असते, मुळांना चालत नाही.

क्रेटवर बांबूच्या कामट्या वाकवून पारदर्शक प्लास्टिक टाका. पेटी झाडाच्या किंवा हिरव्या नेटच्या सावलीत ठेवा. उन्हात ठेवली तर आत भट्टी होते. सकाळ-संध्याकाळ हातपंपानं फवारा मारा. पावसाळ्यात एवढ्यावरच गुलाब, मोगरा, जास्वंद, तुती, अंजीर, डाळिंब यांच्या काड्या लागतात. फेब्रुवारीनंतर मात्र हवा कोरडी होते आणि दर काही मिनिटांनी फवारा मारायला माणूस बसवणं शक्य नसतं. तिथे पुढची पायरी लागते.

जाळीचा काटा: पंप चालू-बंद करणारी घरगुती युक्ती

बाजारात टायमर मिळतात. पण टायमरला ऊन, ढग कळत नाही. भर दुपारी आणि आभाळ आलेल्या संध्याकाळी तो सारखाच फवारा मारतो. त्यापेक्षा तराजूसारखा एक काटा करता येतो. नर्सरीच्या कामात ही पद्धत जुनी आहे.

सायकलच्या तारेची एक वीतभर दांडी घ्या. मधे बारीक खिळ्यावर अशी टांगा की ती तराजूसारखी हलकी हलेल. एका टोकाला चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी बसवा. ती काड्यांमध्ये, धुक्याखाली येऊ द्या. दुसऱ्या टोकाला वजनासाठी नटबोल्ट लावा आणि त्यालाच एक छोटं चुंबक चिकटवा. हे शेपटीचं टोक धुक्याच्या बाहेर, झाकणाखाली राहील असं बघा.

शेपटीच्या खाली दाराच्या अलार्मचा चुंबकी सेन्सर लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा प्रकार मागून घ्या.

आता काम कसं चालतं ते पाहा. जाळी कोरडी असली की हलकी असते, वर जाते. शेपटी खाली येते, चुंबक सेन्सरजवळ येतं आणि पंप सुरू होतो. धुकं जाळीवर पडतं, जाळी काही ग्रॅमनं जड होऊन खाली जाते. शेपटी उचलली जाते आणि पंप बंद होतो. उन्हानं जाळी वाळली की पुन्हा तेच. कडक उन्हात जाळी लवकर वाळते, म्हणून फवारा वारंवार येतो. ढगाळ दिवशी उशिरा येतो. रात्री बहुतेक बंदच राहतो. जाळी पानासारखीच वाळते, म्हणून पानाला पाणी हवं असतं तेव्हाच पंप चालतो.

नट मागे-पुढे फिरवून वजन जुळवा. दांडीला वर-खाली थांबे लावा. शेपटी दीड-दोन सेंटिमीटर हलली तरी पुरे. वारा लागला तर काटा उगाच हलतो, म्हणून चारही बाजूनं आडोसा करा.

पंपाची जोडणी

बॅटरीच्या फवारणी पंपात 12 व्होल्टची छोटी मोटार असते. पंपाची टाकी फुटली, नळी गेली तरी मोटार बहुतेक वेळा चांगली असते. तीच काढून घ्या. पुढे ठिबकच्या दुकानातला फिल्टर, मग नळी आणि एक किंवा दोन चारमुखी फॉगर. फॉगरखाली थेंब थांबवणारा वॉल्व्ह असलाच पाहिजे. नाहीतर पंप बंद झाल्यावर थेंब गळत राहतात आणि खालच्या काड्या कुजतात.

सेन्सरची तार थेट मोटारीला जोडू नका, जळेल. मधे गाडीच्या हॉर्नचा 12 व्होल्टचा रिले टाका. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड आणि बॅटरीजवळ 5 अँपियरचा फ्यूज लावा. हे जमत नसेल तर गावातल्या मोटार वायंडिंगवाल्याकडून अर्ध्या तासात करून घ्या.

घरची 230 व्होल्टची लाईन या पेटीजवळ अजिबात आणू नका. ओल्या जागेत ते जिवावर बेतू शकतं. बॅटरी वेगळ्या कोरड्या जागी नेऊन चार्ज करा.

लाईन गेली तरी अडत नाही. समजा, दर पाच मिनिटांनी 10 सेकंद पंप चालला. बारा तासांत तो एकूण 24 मिनिटं चालतो. मोटार 3 अँपियर घेते असं धरलं तरी दिवसाला सव्वा अँपियर-तासाच्या आत खर्च. पंपाची 8 अँपियर-तासाची बॅटरी चांगली असेल तर तीन-चार दिवस निघतात. दोन फॉगरना दिवसाला 20-25 लिटर पाणी लागतं, म्हणजे एक छोटा ड्रम पुरे.

बोअरचं पाणी जड असेल तर जाळीवर पांढरा क्षार बसतो. मग जाळी कोरडी असूनही जड राहते, पंप सुरूच होत नाही आणि एका दुपारी सगळ्या काड्या जातात. म्हणून आठवड्यातून एकदा जाळी लिंबाच्या रसात बुडवून घासा.

काडी निवडताना

काडी निरोगी झाडाचीच घ्या. लिंबावर खैऱ्या किंवा डाळिंबावर तेल्या दिसत असेल तर त्या झाडाची काडी घेऊ नका, गुटीही बांधू नका. रोपासोबत रोगही नव्या जागी जातो. पेन्सिलएवढी जाड, सहा ते आठ इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी सकाळीच कापा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्या. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापा. रूटिंग पावडर लावून काडी दोन डोळे आत जातील एवढी खोचा.

तीन ते सहा आठवड्यांत मुळं येतात. काडी ओढून बघू नका. नवी फूट टिकली आणि क्रेटच्या भोकांतून पांढरी मुळं दिसली की समजा. नंतर आठ-दहा दिवस धुकं हळूहळू कमी करा, मग पिशवीत लावा. आंब्याची काडी अशी लागत नाही, त्याला कोय कलमच करावं लागतं. पण बांधलेली कोय कलमं पेटीच्या दमट हवेत ठेवली तर फायदा होतो. घरापुरती रोपं करायला हरकत नाही. विक्रीसाठी फळझाडांची रोपं करायची असतील तर आधी कृषी विभागाकडे रोपवाटिका परवान्याची चौकशी करा.

इथे घड्याळ कशाला?

काटा बसवल्यावर पहिले आठ दिवस त्याच्याजवळ बसून मोजावं लागतं. फवारा किती सेकंद चालला, किती मिनिटं थांबला, हे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वहीत लिहा. मोबाईलवरही मोजता येतं. पण ओल्या हातानं स्क्रीन चालत नाही आणि मधेच फोन येतो. सेकंद काट्याचं घड्याळ समोर खुंटीला टांगलं की काम सोपं होतं.

आपल्याकडे हे घड्याळ बहुतेक एचएमटीचं असतं. लग्नात जावयाला दिलेलं, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात घेतलेलं. बंगळुरूच्या या सरकारी कंपनीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 मध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं घराघरांत गेली. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे घरातलं जुनं घड्याळ एकदा भंगारात गेलं की तसंच मिळणं अवघड.

चंद्रपूर जिल्ह्याचं तर या नावाशी वेगळंच नातं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या पटेल 3 धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दरवर्षी पेरून बी वाढवलं. त्यातून जे बारीक धान तयार झालं, त्याला व्यापाऱ्यानं त्या काळी सर्वांच्या आवडीच्या घड्याळावरून एचएमटी नाव दिलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याचा 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. 3 जून 2018 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. रोज पाहायचं आणि वेगळं दिसलं ते जपायचं, एवढंच त्यांचं साधन होतं.

जुनं घड्याळ जपायचं कसं?

जनतासारख्या चावीच्या घड्याळात सेल नसतो. आतलं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. त्यामुळे आतलं तेल वाळतं आणि धूळ बसते.

- रोज ठराविक वेळी चावी द्या. चावी घट्ट झाली की थांबा, जोर लावू नका.
- वर्षानुवर्षं बंद असलेलं घड्याळ एकदम चावी देऊन चालवत ठेवू नका. वाळलेल्या तेलात ते झिजतं. आधी साफसफाई करून घ्या.
- शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल आत टाकू नका. घड्याळाचं तेल वेगळं असतं.
- काच आतून धुरकट झाली तर पाणी गेलं असं समजा. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. गंज चार दिवसांत धरतो.
- फवारणी करताना, पाणी देताना घड्याळ मनगटावर नको.
- डायल रंगवून नवी करून घेऊ नका. जुनी डायल डागाळलेली असली तरी तीच खरी. शौकीन लोक तिलाच किंमत देतात.
- आतले ‘17 ज्वेल’ म्हणजे कृत्रिम माणकाचे बारीक खडे. चाकं झिजू नयेत म्हणून ते असतात. ते काढून विकायला फारशी किंमत येत नाही, पण ते काढले की घड्याळ संपतं.
- बंद पडलेलं दुसरं घड्याळ फेकू नका. सुटे भाग त्यातून मिळतात.

आणि कलमघर करणाऱ्यानं एक गोष्ट नक्की पाळावी. काट्याचं चुंबक आणि पंपाची मोटार यांच्याजवळ घड्याळ आणू नये. चुंबकाची बाधा झाली की घड्याळातली केसासारखी स्प्रिंग स्वतःला चिकटते आणि घड्याळ दिवसात कितीतरी मिनिटं पुढे पळू लागतं. मोबाईलचं चुंबकी कव्हर आणि स्पीकरही तेच करतात. असं झालं तर घड्याळ बिघडलं म्हणून विकू नका. दुरुस्तीवाला चुंबक उतरवण्याच्या यंत्रावर थोड्या वेळात ते ठीक करतो.

तालुक्याच्या ठिकाणी चावीची घड्याळं उघडणारे कारागीर आता मोजकेच उरलेत, बहुतेक वयस्कर. दुकानं सेल आणि पट्टे विकण्यावर चालतात. घरातलं घड्याळ दुरुस्त करायचं असेल तर या उन्हाळ्यातच न्या. आणि सांदवाडीतलं एखादं जुनं झाड पुढच्या वर्षी तोडायचं ठरलं असेल तर पाऊस पडताच त्याच्या दहा काड्या लावून ठेवा. सगळ्या लागणार नाहीत. दोन लागल्या तरी झाड घरात राहील.