वीर्यपरीक्षण, पशूंचे

नर पशूची प्रजननक्षमता अजमावण्यासाठी त्याच्या वीर्याची (रेताची) प्रयोगशाळेत केली जाणारी तपासणी. नैसर्गिक पैदाशीत वळूचा दोष सामान्यतः एका गावापुरता राहतो. कृत्रिम वीर्यसेचनात एकाच वळूचे वीर्य हजारो माद्यांपर्यंत पोहोचत असल्याने या परीक्षणास विशेष महत्त्व आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी दूध उत्पादक संघ (गोकुळ) १९६३ साली स्थापन झाला. या भागात पंढरपुरी व मुऱ्हा म्हशी पाळल्या जातात. दोनतीन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबाची म्हैस उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली), तर सु. २१ दिवस वाया जातात आणि मुक्या माजामुळे पुढची संधीही हुकू शकते.

कृत्रिम योनीच्या साहाय्याने वीर्य संकलित करून त्याचे आकारमान, रंग व दाटपणा पाहतात. वळूपासून एका वेळी साधारणपणे ४ ते ८ मिलि., तर रेड्यापासून २ ते ४ मिलि. वीर्य मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली सु. ३७° से. तापमानास शुक्राणूंची हालचाल तपासतात. ताज्या वीर्यातील किमान ७०% शुक्राणू सरळ पुढे जाणारे असावे लागतात. त्यांची संख्या गणनकोष्ठात किंवा प्रकाशमापकाने काढतात. वळूच्या वीर्यात ती दर मिलि.मध्ये सु. १०० कोटी असते. इओसीन-निग्रोसीन रंजनात मृत शुक्राणू गुलाबी दिसतात व जिवंत रंगहीन राहतात. त्याच काचपट्टीवर डोके, मध्यभाग व शेपटी यांतील विकृतीही मोजतात.

वीर्य गोठविण्यापूर्वी त्यात ग्लिसरॉलयुक्त विरलक मिसळतात. ०·२५ मिलि.च्या नळीत सु. २ कोटी शुक्राणू भरून ती −१९६° से. तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेवतात. नमुना वितळविल्यावर निदान ५०% शुक्राणू गतिमान आढळले, तरच तो संच वितरणास योग्य ठरतो. गोठविल्याने अनेक रोगजंतू मरत नाहीत. म्हणून वळूची क्षय, सांसर्गिक गर्भपात इ. रोगांसाठीही तपासणी करतात.

वळूच्या शरीरात शुक्राणू तयार होण्यास सु. ६१ दिवस लागतात. त्यामुळे उन्हाळ्याचा किंवा तापाचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. केवळ एका नमुन्यावरून नर टाकाऊ ठरविणे योग्य नव्हे. परीक्षणाने सदोष वीर्य वगळता येते, परंतु निर्दोष नमुनाही गर्भधारणेची हमी देत नाही. पात्रातील नायट्रोजन कमी पडणे किंवा वीर्यसेचनाची वेळ चुकणे यांमुळे चांगले वीर्यही निष्फळ ठरते. प्रत्यक्ष गाभण राहिलेल्या माद्यांचे प्रमाण हीच वळूच्या प्रजननक्षमतेची अंतिम कसोटी होय.