वर्गातच घडणारा शिक्षक

नव्या शिक्षकाच्या आयुष्यातील पहिली तासिका ही मोठी कसोटीची वेळ असते. हातात पाठाचे टाचण, डोक्यात शैक्षणिक मानसशास्त्रातील व्याख्या आणि समोर पन्नास मुले. टाचणातील पहिल्याच प्रश्नाला अपेक्षित उत्तर येत नाही. मागच्या बाकावर कुजबूज सुरू होते. पंधरा मिनिटांसाठी आखलेला भाग चार मिनिटांत संपून जातो, आणि उरलेला वेळ कसा भरून काढावा हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नसते. अशा प्रसंगी पदवी साहाय्यास धावून येत नाही. शिक्षक शिकतो तो पुढील दोन-तीन वर्षे ठेचा खात; मात्र त्या ठेचांची किंमत मोजावी लागते ती त्या वर्षांत त्याच्या वर्गात बसलेल्या मुलांना. एकदा वाया गेलेले नववीचे बीजगणित त्यांना पुन्हा मिळत नाही.

वैद्यकाच्या क्षेत्रात ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. पदवी घेतलेल्या तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावे, अनुभवी वैद्यांच्या देखरेखीखाली रुग्णांची जबाबदारी पायरीपायरीने अंगावर घ्यावी, अशी रीत तेथे दृढ झाली. ‘रेसिडेन्सी’ हा शब्द त्या निवासावरूनच रूढ झाला. रोग्याच्या बाबतीत जी दक्षता समाजाला आवश्यक वाटते, ती विद्यार्थ्याच्या बाबतीत अनावश्यक का मानावी, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रातील विचारवंतांपुढे वारंवार उभा राहिला. एक वर्षाच्या निवासी उमेदवारीची, म्हणजेच शिक्षकांच्या रेसिडेन्सीची, योजना ही त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक होय.

ही कल्पना अगदीच नवी आहे असे नाही. प्रशियात माध्यमिक शाळांतील भावी शिक्षकांसाठी परीक्षाधीन वर्षाची अट १८२६ सालीच घालण्यात आली होती. आजच्या जर्मनीत विद्यापीठातील शिक्षण पुरे केल्यावर बहुतेक राज्यांत दीड ते दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ असतो. या काळात उमेदवाराला वेतन मिळते; तो काही तास अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसतो, काही तास स्वतंत्रपणे शिकवतो, आणि अखेरीस प्रत्यक्ष पाठ घेऊन दुसरी राज्यपरीक्षा देतो. ती उत्तीर्ण झाल्यावाचून तो पूर्ण शिक्षक म्हणून गणला जात नाही.

अमेरिकेत या विचाराला आजचे रूप आले ते २००१ मध्ये शिकागो येथे आणि २००३ मध्ये बोस्टन येथे. मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांच्या शाळांना एक जुना रोग जडला होता. गणिताचे व विज्ञानाचे शिक्षक मिळत नसत. मिळाले तर ते सर्वांत अननुभवी असत. आणि थोडा अनुभव येताच ते नोकरी सोडून किंवा दुसऱ्या शाळेत बदली घेऊन निघून जात. त्यामुळे ज्या मुलांना कसलेल्या शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला दरवर्षी नवशिका येई. बोस्टनच्या सार्वजनिक शाळांनी हे चक्र मोडण्यासाठी आपले शिक्षक आपणच घडवायचे ठरवले.

बोस्टनच्या योजनेची मांडणी थोडक्यात अशी. पदवीधर उमेदवार उन्हाळ्यात दाखल होतो. शाळेचे वर्ष सुरू झाले की आठवड्यातील चार दिवस तो एकाच अनुभवी मार्गदर्शक शिक्षकाच्या वर्गात असतो. उरलेला वेळ अध्यापनशास्त्राच्या अभ्यासाला दिलेला असतो. वर्षभर त्याला निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. वर्षाअखेर शिक्षकाचा परवाना व पदव्युत्तर पदवी हाती येते; त्या बदल्यात त्याने त्याच शहराच्या शाळांत किमान तीन वर्षे शिकवण्याचे वचन दिलेले असते. प्रारंभी तो निरीक्षण करतो, मग एखाद्या गटाला समजावून सांगतो, पुढे मार्गदर्शकाबरोबर पाठ घेतो, आणि वर्ष सरत येते तसा वर्गाचा अधिकाधिक भार स्वतः उचलतो.

या वर्षात उमेदवार नेमके काय शिकतो, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल. बीजगणिताच्या वर्गात ‘अ अधिक ब’ या बेरजेचा वर्ग करताना कितीतरी मुले ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’ असे लिहून मोकळी होतात. नवा शिक्षक ते चूक ठरवतो, बरोबर सूत्र फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मुले सूत्र उतरवून घेतात आणि आठवड्यानंतर तीच चूक पुन्हा करतात. अनुभवी शिक्षक तेथे थांबतो. अ म्हणजे २ आणि ब म्हणजे ३ घ्या, असे तो सांगतो. बेरजेचा वर्ग २५ येतो; मुलांच्या रीतीने मात्र १३ येतात. मग उरलेले १२ गेले कोठे? तो पाच एकक बाजूचा चौरस काढतो, त्याचे चार भाग पाडतो, आणि दोन्ही चौरसांच्या कडेला उरलेले सहा-सहा एककांचे दोन आयत मुलांच्याच नजरेस पडतात. गणिताची पदवी घेतलेल्या माणसाला सूत्र ठाऊक असतेच. परंतु मूल कोठे अडखळते, आणि अडखळलेल्याला कोणता प्रश्न विचारावा, हे ज्ञान निराळे आहे. पाहणे, करून बघणे आणि त्याच दुपारी त्यावर बोलणे, या क्रमानेच ते येते.

येथे कोणी विचारील की, एवढ्यासाठी संपूर्ण वर्ष कशाला हवे? चार-सहा आठवड्यांचे सराव पाठ पुरेसे नाहीत काय? याचे उत्तर शाळेच्या वर्षाच्या घडणीतच आहे. सरावासाठी मधेच आलेल्या विद्यार्थी-शिक्षकाला लावून दिलेला वर्ग मिळतो. पहिल्या आठवड्यात वर्गाला शिस्त कशी लागली, वह्या तपासण्याची पद्धत कशी बसली, अबोल मुलाला बोलते कसे केले, यांपैकी काहीच त्याने पाहिलेले नसते. सहामाहीच्या निकालानंतर मागे पडलेल्यांना पुन्हा कसे सावरायचे आणि परीक्षा जवळ आल्यावर उजळणीची आखणी कशी करायची, हेही त्याच्या दृष्टीआडच राहते. शिवाय सराव पाठ हा बहुधा परीक्षकासाठी सजवलेला असतो. कालच्या पाठाचा दोष आजच्या वर्गात निस्तरावा लागतो, हा अनुभव सुट्या पाठांतून मिळत नाही.

मात्र या योजनेचे फळ तपासताना डोळस राहणे अगत्याचे आहे. बोस्टनमधील शिक्षकांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या मार्गाने आलेल्यांपैकी पाचव्या वर्षापर्यंत शहरातील शाळांत टिकून राहिलेले शेकडा सुमारे ७५ होते. इतर नव्या शिक्षकांत हेच प्रमाण शेकडा सुमारे ५१ होते. परंतु विद्यार्थ्यांच्या गुणांकडे पाहता पहिल्या वर्षी चित्र वेगळे होते. इंग्रजीत हे शिक्षक इतर नवशिक्यांपेक्षा सरस ठरले नाहीत, आणि गणितात तर किंचित मागेच पडले. पुढे मात्र गणितात त्यांची प्रगती इतकी झपाट्याने झाली की, चौथ्या-पाचव्या वर्षी त्यांनी जुन्या शिक्षकांनाही मागे टाकले. म्हणजे एका वर्षाच्या उमेदवारीने तयार शिक्षक हाती येतो असे म्हणता येत नाही. शिकत राहणारा आणि टिकून राहणारा शिक्षक मिळण्याची शक्यता मात्र वाढते.

यातील अडचणीही लहान नाहीत. विद्यावेतनाचा आणि मार्गदर्शकाच्या वेळेचा खर्च मोठा असतो. उत्तम शिक्षक हा उत्तम मार्गदर्शक असतोच असे नाही. आपण सहजपणे जे करतो त्याची कारणे दुसऱ्याला उलगडून सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. मार्गदर्शकच सामान्य असेल, तर उमेदवार वर्षभर त्याचे दोषच गिरवीत बसेल. आणि मनुष्यबळ अपुरे असलेल्या शाळेत उमेदवाराला रिकाम्या तासांवर पाठवून देण्याचा मोह मुख्याध्यापकांना आवरत नाही. तसे झाले की शिकाऊ माणूस हा स्वस्तातला बदली शिक्षक होऊन बसतो आणि योजनेचा प्राणच निघून जातो.

भारतात हा विचार कोठवर आला आहे? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. शिक्षकांचे प्रशिक्षण हे विद्यापीठापासूनही तुटलेले आहे आणि शाळेच्या दैनंदिन जीवनापासूनही तुटलेले आहे, हे दुखणे या आयोगाने स्पष्टपणे दाखवले होते. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लोटले. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ मधील अहवालानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे नियम केले. त्यांनी बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी किमान २० आठवडे नेमून दिले. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात सलग शाळानिवासाचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाचा आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शन मोहिमेचा पुरस्कार केला.

सुट्या सराव पाठांच्या मानाने वीस आठवडे ही मोठीच मजल होय. परंतु आठवड्यांची संख्या वाढवणे सोपे असते; त्या आठवड्यांत प्रत्येक उमेदवाराच्या पाठीशी एक जाणता शिक्षक उभा करणे अवघड असते. त्या शिक्षकाच्या नेहमीच्या तासांतून काही तास कमी करावे लागतील, त्याला या कामाचा मोबदला व मान द्यावा लागेल, आणि शाळेला हे ओझे न वाटता आपलेच काम वाटावे लागेल.

गाणे शिकणारा शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. सुताराचे पोर आधी रंधा धरायला शिकते. प्रत्येक विद्येने आणि कारागिरीने उमेदवारीची वर्षे मानली आहेत. जो मनुष्य दुसऱ्यांची मुले घडवायला निघाला, त्याला तेवढी एक सवलत नाकारणे यात काटकसर नाही. त्या काटकसरीचा हिशेब कोठल्याही वहीत लिहिला जात नाही. तो नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलाच्या नावे मुकाट्याने मांडला जातो.