बेदाणा तासगावचा, पाकीट छापताना गाडी अडते कुठे?

मोबाइलवर उठून दिसणारे डिझाइन छापखान्यातून परत का येते? ‘प्रिंट-रेडी’ फाइल म्हणजे नेमके काय? स्वतःच्या ब्रँडने बेदाणा विकू पाहणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती.

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात ते खोक्यांचे. माल शेतकऱ्याचा असला, तरी पुढे दुकानात पोहोचणाऱ्या छोट्या पाकिटावर नाव दुसऱ्याच कुणाचे तरी असते. ‘तास-ए-गणेश’ या द्राक्षवाणाच्या नावातच ज्या गावाची खूण आहे, त्या गावचा बेदाणा दूरच्या शहरात गेल्यावर बहुधा अनोळखी होतो. म्हणूनच तालुक्यातले काही बागायतदार, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या २५० किंवा ५०० ग्रॅमच्या पाकिटात, स्वतःच्या नावाने माल विकण्याचा विचार करतात. शेड आपली, माल आपला, ग्राहकही शोधता येतो. अडते ते पाकिटाच्या छपाईपाशी.

गोष्ट साधारण अशी घडते. घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा गावातला डीटीपी ऑपरेटर मोबाइलच्या ॲपवर डिझाइन करतो. हिरवागार मळा, सोनेरी अक्षरे, कोपऱ्यात गणपती मंदिराचे गोपुर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे येतात. तेच चित्र पाकीट छापणाऱ्याला पाठवले की तिकडून उत्तर येते, ‘फाइल चालणार नाही, ओपन फाइल पाठवा.’ किंवा त्याहून वाईट म्हणजे उत्तरच येत नाही. छापून आलेला लॉट येतो आणि त्यावर अनुस्वार उडालेले असतात.

पडदा आणि कागद यांचे गणित वेगळे

मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक टाकून रंग तयार करतो. पहिल्या पद्धतीला आरजीबी, दुसरीला सीएमवायके म्हणतात. पडद्यावरचा झळझळीत पोपटी रंग शाईत उतरतच नाही, तो मळकट होतो. हिरवट-पिवळ्या बेदाण्यासाठी हे फार जिव्हाळ्याचे आहे, कारण ग्राहक मालाची प्रत रंगावरूनच ठरवतो. त्यामुळे फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये करावी आणि रंग मोबाइलवर पसंत न करता छापील नमुन्यावर पसंत करावा. सोनेरी रंग तर या चार शायांत नाहीच. त्यासाठी वेगळी धातूची शाई किंवा फॉइल लागते, नाहीतर छापून येते ती मोहरी.

दुसरा घोळ चित्राच्या आकाराचा. चांगल्या छपाईसाठी प्रत्यक्ष आकारात एका इंचाला ३०० ठिपके असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाकिटाचा दर्शनी भाग १६ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यावर पूर्ण पसरणारा फोटो किमान १८९० पिक्सेल रुंद हवा. ६०० पिक्सेलचा लोगो १० सेंटिमीटरपर्यंत ताणला, तर इंचाला जेमतेम दीडशे ठिपके उरतात आणि कडा दातेरी दिसतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेतच लहान होते. फाइल पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ईमेल किंवा ड्राइव्ह त्याहून बरे. लोगो मात्र फोटो नसावाच, तो रेषांच्या स्वरूपात, म्हणजे व्हेक्टरमध्ये काढून घ्यावा. मग तो पाकिटावर छापा की पाठच्या खोक्यावर, बिघडत नाही.

गोपुराचेही तसेच. तासगावचे सात मजली गोपुर पाकिटावर घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण इंटरनेटवरून उचललेला फोटो बहुधा लहान असतो आणि त्यावर हक्क दुसऱ्याचा असतो. शिवाय इतके बारीक कोरीव काम नाण्याएवढ्या जागेत बसवले, की शाई भरून काळा त्रिकोण तेवढा उरतो. चित्रकाराकडून मोजक्या रेषांत काढून घेतलेले गोपुर जास्त ओळखू येते.

मराठी अक्षरे का तुटतात?

इंग्रजी मजकुराच्या पाकिटाला सहसा न येणारी ही अडचण आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून जुन्या पद्धतीचे मराठी फाँट वापरले जातात. असा फाँट पुढच्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरे उमटतात. उलट मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला, तर जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘किशमिश’ या एकाच शब्दात अशा दोन वेलांट्या आहेत.

उपाय सोपा आहे. मजकूर अंतिम झाला, की सगळी अक्षरे ‘कर्व्ह’ करायची, म्हणजे अक्षरांचे रूपांतर आकृत्यांत करायचे. मग फाँट असो वा नसो, अक्षर हलत नाही. फक्त त्यानंतर चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून एक प्रत कर्व्ह न केलेली, दुरुस्तीसाठी स्वतःकडे ठेवावी आणि दुसरी कर्व्ह केलेली पीडीएफ छपाईला द्यावी. ही स्वतःची प्रत डिझायनरकडून मागून घेण्याचे अनेकांच्या लक्षात राहत नाही. पुढच्या हंगामात पत्ता बदलला, की पुन्हा पहिल्यापासून डिझाइन करण्याचे पैसे मोजावे लागतात.

बारीक अक्षरांबाबत आणखी एक पथ्य. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत असावा. चारही शाया मिसळून केलेला काळा रंग छपाईत केसभर सरकला, तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे ठेवली, तर भोवतालची शाई पसरून शिरोरेषा बुजते आणि अनुस्वाराचा ठिपका गिळला जातो. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा लवकर घडते, कारण आपल्या अक्षरांच्या वर आणि खाली बरेच काही चाललेले असते.

डिझाइनच्या आधी साचा

पाकीट हा सपाट कागद नाही. उभ्या राहणाऱ्या पाऊचला तळाशी घडी असते, दोन्ही बाजूंना सील, वर झिप, फाडण्यासाठी खाच, कधी टांगण्यासाठी भोक. माल भरल्यावर वरची कड गरम पट्टीने बंद केली जाते. तिथे छापलेला मजकूर सीलखाली चुरगळतो. तळाच्या घडीतला मजकूर दुमडून दिसेनासा होतो किंवा उलटा दिसतो. हे टाळण्यासाठी पाऊच बनवणाऱ्याकडून आधी साचा, म्हणजे डाय-लाइन मागून घ्यावी आणि तिच्यावरच डिझाइन बसवावे. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. डिझाइन आधी होते, पाऊचचा आकार नंतर ठरतो आणि मग सगळे दाबून-ताणून बसवले जाते.

पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेच्या पलीकडे साधारण ३ मिलिमीटर जास्त न्यावा. याला ‘ब्लीड’ म्हणतात. कटर थोडा इकडेतिकडे झाला, तर कडेला पांढरी रेघ दिसत नाही. तेवढेच अंतर, शक्यतो थोडे अधिकच, रेषेच्या आतही मोकळे ठेवावे. साच्याच्या रेषा वेगळ्या थरात असाव्यात, नाहीतर त्याही छापून येतात. स्वयंचलित मशीनवर रोलमधून पाकिटे होणार असतील, तर कडेला सेन्सरसाठी एक गडद खूण लागते. ती कुठे आणि केवढी हवी, हे मशीनवाल्याला विचारूनच ठरवावे.

बेदाणा दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवण्याची पद्धत आहे. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर पांढरा हा ‘मोकळा कागद’ नसतो, तो स्वतंत्र रंग म्हणून छापावा लागतो. फाइलमध्ये पांढऱ्याचा वेगळा थर नसेल, तर पिवळ्या रंगातून बेदाणे आरपार दिसतात आणि पोपटी रंग काळवंडतो. खिडकीच्या जागी मात्र तो थर कापून ठेवायचा असतो.

कायद्याचा मजकूर

मागच्या बाजूचा बारीक मजकूर अनेक जण शेवटी, उरलेल्या जागेत कोंबतात. वास्तविक सगळ्यात आधी जागा द्यायची ती त्याला. लॉट अडकतो तो बहुतेक इथेच.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार आणि २०११ च्या वैधमापनविषयक नियमांनुसार आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा लागतो. मराठी मजकुराला हरकत नाही, पण तो त्याशिवायचा. केवळ ‘बेदाणे’ लिहून भागत नाही. ‘किशमिश’ किंवा इंग्रजी नावही हवे. अनेकांना हे छपाईनंतर कळते.

याशिवाय घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, उत्पादक किंवा पॅकरचे नाव व पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख, वापरण्याची मुदत, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. दर्शनी भाग १०० ते ५०० चौरस सेंटिमीटर असेल, तर गोलाचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. वजनापुढे इंग्रजीत ग्रॅमसाठी फक्त छोटे ‘जी’ हे एकच अक्षर येते. ‘जीएम’ किंवा ‘जीएमएस’ ही सवयीने होणारी चूक आहे. एककाची किंमतही द्यावी लागते: २५० ग्रॅमचे पाकीट १५० रुपयांना असेल, तर ‘प्रति ग्रॅम ०.६० रुपये’.

बेदाण्याच्या बाबतीत सर्वात महत्त्वाची ओळ मात्र सल्फाइटची. फिकट रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते. मालात सल्फाइटचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल, तर तसे ॲलर्जीच्या सूचनेत लिहिणे बंधनकारक आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने खरोखर त्रास होतो, म्हणून ही नुसती कागदी औपचारिकता नव्हे. धुरी दिलेल्या मालावर पुढे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि मागे सल्फाइटची सूचना, असे पाकीट तपासणीत टिकणार नाही. असे दावे करण्यासाठीही नियम आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांप्रमाणे लागणारा मजकूर पाऊच बनवणाऱ्याकडून घ्यावा.

‘सांगली बेदाणा’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. जिल्ह्यातला माल असला, तरी त्याचे चिन्ह पाकिटावर आपोआप घेता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

बारकोड घ्यायचा असेल, तर तो काळ्या रेषांत आणि पांढऱ्या पट्टीवर असावा. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेषा दिसतच नाहीत. तेरा अंकी बारकोडचा मूळ आकार सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर असतो; तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये.

पहिल्याच वर्षी सिलिंडर करावा का?

मोठ्या संख्येने पाऊच छापण्याच्या ग्रॅव्हिअर पद्धतीत प्रत्येक रंगासाठी एक कोरलेला सिलिंडर लागतो. सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर आणि किमान मागणीही मोठी. मजकुरातली एक चूक म्हणजे निदान एक सिलिंडर पुन्हा. डिजिटल छपाईत सिलिंडर नसतो, पाकिटामागे खर्च जास्त येतो, पण थोडी पाकिटे छापता येतात. खोक्यांवर फ्लेक्सो पद्धतीने एक-दोन रंगांत छापतात. तिथे बारीक रेघा आणि छटा टाळलेल्याच बऱ्या.

नव्या उत्पादकासाठी पहिल्या हंगामात तयार कोरे पाऊच आणि त्यावर चांगला छापील स्टिकर हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. दुकानदार काय बोलतो, ग्राहक २५० ग्रॅम उचलतो की ५००, हे कळेपर्यंत डिझाइन दोनदा तरी बदलते. स्टिकर बदलणे परवडते.

पद्धत कोणतीही असो, किंमत, तारीख आणि बॅच क्रमांक कायमच्या छपाईत घालू नयेत. त्यासाठी फिकट रंगाची मोकळी चौकट ठेवावी आणि तिथे पॅकिंगच्या वेळी इंकजेटने छापावे. चौकटीवर वार्निश असेल, तर शाई पुसली जाते, हे छापणाऱ्याला आधीच सांगावे.

छपाईला परवानगी देण्यापूर्वी प्रत्यक्ष आकाराचा कागदी नमुना कापून, दुमडून, चिकटवून पाहावा. रिकाम्या पाऊचमध्ये २५० ग्रॅम बेदाणा भरून तो नमुना त्याच्याशेजारी धरला, की फुगलेल्या पोटावर लोगो किती वाकतो आणि घडीत कोणती ओळ जाते ते दिसते. डिझाइन करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्यामुळे मजकूर दुसऱ्याने मोठ्याने वाचावा आणि १४ अंकी क्रमांक परवान्याशी एकेक आकडा ताडून पाहावा. त्यानंतरच नमुन्यावर तारखेसह सही करून तो छापणाऱ्याला द्यावा आणि तशीच सही केलेली दुसरी प्रत आपल्या फायलीत ठेवावी. छपाईत फरक पडला, तर चूक फाइलची की छपाईची, हे ठरवताना समोर ठेवायला तीच प्रत लागते.