मेटाडेटा म्हणजे काय? आकड्यांसोबत काय लिहून ठेवावे



आज एका वहीपासून सुरुवात करू. आमच्या शाळेतली मुले सलग चार पावसाळे पाऊस मोजत होती. बाटलीवर नरसाळे, जमलेले पाणी मोजायचे, वहीत लिहायचे. उपक्रम छान चालला होता. मग एका वर्षी जुलैमध्ये पाऊस गायब झाला आणि ऑगस्टमध्ये दोन-तीन शेतकरी शाळेत आले. "गुरुजी, मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस दाखवतंय. तो इथनं नऊ किलोमीटर. आपल्या गावात तर पंधरा दिवस थेंब नव्हता. पोरांच्या वहीत काय लिहिलंय?"

वही काढली. त्या पंधरा दिवसांत चार ठिकाणी ० होते, बाकी रकाने कोरे. कोरे म्हणजे पाऊस नाही, की त्या दिवशी कोणी मोजलाच नाही? रविवार होता? मोजणारा मुलगा गैरहजर होता? माहीत नाही. आदल्या दिवशीची नोंद होती "४० मि." हे मिलिमीटर की मिलिलिटर? काही वर्षे मुलांनी बाटलीला पट्टी लावून मोजले होते, काही वर्षे प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने. दोन्हीकडे लिहिले नुसते "मि." नरसाळ्याचे तोंड १० सेंटिमीटर व्यासाचे धरले तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला साधारण ८ मिलिलिटर पाणी जमते. त्या हिशेबाने ४० मिलिलिटर म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर, एक सर. आणि ४० मिलिमीटर म्हणजे चांगला दणकून पाऊस. पण नरसाळे केवढे होते हेही कुठे लिहिले नव्हते, आणि ते नरसाळे तर केव्हाच फुटून गेले होते.

चार वर्षांचे आकडे हातात होते आणि शेतकऱ्यांना एक वाक्यही खात्रीने सांगता आले नाही. चूक मुलांची नव्हती, माझी होती. आकडे लिहायला मी शिकवले होते, आकड्यांविषयी लिहायला शिकवले नव्हते.

या "आकड्यांविषयीच्या" माहितीलाच मेटाडेटा म्हणतात. आकडा कोणी, कुठे, कधी, कशाने मोजला, कोणत्या एककात लिहिला, नंतर त्यात कोणी काय बदल केला, हे सगळे त्यात येते. ग्रंथालयातले सूचीपत्र आठवा. पुस्तकाचा लेखक, प्रकाशक, साल, कपाट क्रमांक. पुस्तक म्हणजे डेटा, आणि सूचीपत्र म्हणजे मेटाडेटा.

आता एक मोठे उदाहरण बघा. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस सगळ्यांना आठवतो. "मुंबईत ९४४ मिलिमीटर" हा आकडाही पाठ असतो. पण तो आकडा सांताक्रूझ केंद्राचा. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाबा केंद्रात त्याच २४ तासांत ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नाही. म्हणजे ठिकाण लिहिले नाही तर "मुंबईचा पाऊस" या शब्दांना अर्थच राहत नाही. दुसरी गंमत तारखेची. भारतीय हवामान विभाग रोजचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतो आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर नोंदवतो. त्यामुळे २६ तारखेला दुपारी कोसळलेला पाऊस नोंदीत २७ जुलैच्या रकान्यात सापडतो. हा नियम माहीत नसलेला विद्यार्थी २६ ची ओळ बघेल आणि म्हणेल, "अरे, एवढा पाऊस झालाच नव्हता की!"

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञांच्या कामात असा घोळ होत नसेल. होतो की! समुद्राच्या तापमानाचे उदाहरण मला फार आवडते, जरा सविस्तर सांगतो.

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान जहाजांवरचे लोक शंभराहून अधिक वर्षे मोजत आलेत. पूर्वीची पद्धत साधी होती. दोरीला बादली बांधून समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापी बुडवायची. आता कॅनव्हासच्या बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थोडे गार होते. आपल्या माठातले पाणी गार होते ना, तसेच. दुसरी पद्धत म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजायचे. ते इंजिनखोलीच्या उबेने थोडे जास्त येते. म्हणजे समुद्र तोच, पण तापमान दोन.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या उपलब्ध नोंदींत अमेरिकन जहाजांचा भरणा होता, आणि ती बहुतेक इंजिनचे पाणी मोजत. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि नोंदींमध्ये बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचे प्रमाण एकदम वाढले. परिणाम काय? आलेखात जगभरच्या समुद्राचे सरासरी तापमान अचानक सुमारे ०.३ अंशाने उतरलेले दिसू लागले. समुद्र काही गार झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. १९४५ चा हा खड्डा कशामुळे पडला हे २००८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातल्या शोधनिबंधात मांडले गेले. साठ वर्षांहून अधिक काळ गेला!

पुढे २०१९ मध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला. जपानी जहाजांच्या जुन्या नोंदींचा एक मोठा संच यंत्रावर चढवताना दशांश चिन्हानंतरचा अंक सोडून दिला गेला होता. २२.७ चे २२, २२.९ चेही २२. अशाने सरासरी जवळपास अर्ध्या अंशाने खाली येते.

पण मुद्दा पुढे आहे. ह्या चुका सापडल्या कशा? कारण कुठलीशी नोंद कोणत्या देशाच्या जहाजाची आणि कोणत्या संचातून आली, एवढे तरी लिहून ठेवलेले होते. मोजण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी लिहिलेली नव्हती, पण देश होता, संच होता. तेवढ्या धाग्यावरून संशोधकांनी आकडे वेगळे केले आणि दुरुस्त केले. आमच्या वहीत तेवढाही धागा नव्हता.

मग नेमके काय लिहायचे? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ जमले. त्या बैठकीतून 'डब्लिन कोअर' नावाची यादी आकाराला आली. तिच्यात शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, भाषा, हक्क असे १५ घटक आहेत. संपूर्ण प्रकल्पाची ओळख लिहायला ही यादी उत्तम. पण खरी गोची असते रकान्यांच्या पातळीवर, आणि तिथे लोक हमखास आळस करतात. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि संक्षेप वेगळ्या कागदावर लिहायलाच हवेत. "पा." म्हणजे पाऊस की पाणीपातळी, हे तीन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही.

शून्य आणि कोरे यांत फरक करा. "मोजले, पाऊस नव्हता" ला ०, आणि "मोजले नाही" ला काहीतरी ठरावीक खूण, शक्यतो कारणासह. पक्षीनिरीक्षकांच्या 'ई-बर्ड' या नोंदव्यवस्थेत प्रत्येक यादीसोबत विचारतात, तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात लिहिलेत का? उत्तर "हो" असेल तरच यादीत नसलेला पक्षी तुम्हाला आढळला नाही असे धरता येते. एका छोट्या प्रश्नाने कोऱ्या जागेला अर्थ येतो.

तारखेचेही तसेच. ५/७ म्हणजे आपल्याला ५ जुलै, अमेरिकन पद्धतीच्या संगणकाला ७ मे. म्हणून २०२३-०७-०५ असे वर्ष-महिना-दिवस लिहावे, आंतरराष्ट्रीय मानकही तेच आहे.

मूळ फाईलला हात लावू नका, दुरुस्ती प्रतीत करा, आणि काय बदलले ते तारखेसह लिहा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच फायनल" अशा फायली माझ्याही संगणकात आहेत, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा नाही. अजून एक, सर्वेक्षणात माणसांची माहिती असेल तर नावे आणि फोन नंबर वेगळे काढून ठेवा. मोबाईलने काढलेल्या फोटोत बरेचदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात, ते घराचे असतील तर फोटो देण्यापूर्वी काढून टाका.

आणि हे सगळे त्याच दिवशी लिहायचे बरं का. "प्रकल्प संपल्यावर निवांत लिहू" म्हणणाऱ्यांची गत माझ्यासारखी होते. नरसाळे फुटते, मुले दहावी होऊन गाव सोडतात, मग विचारायचे कोणाला? कामात पाच जण असतील तर एकाच्या गळ्यात ही जबाबदारी रीतसर घाला. सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच नसते.

आता आमच्या नव्या वहीचे पहिले पान असे आहे. ठिकाण : शाळेचे मागचे मैदान, ध्वजस्तंभापासून पूर्वेला १२ पावले, जवळ झाड नाही. नरसाळे : तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर. वेळ : सकाळी ८:३०, पाऊस मागच्या २४ तासांचा. एकक : मोजपात्रात मिलिलिटर, शेजारच्या रकान्यात मिलिमीटर. ० म्हणजे मोजले, पाऊस नव्हता. "न" म्हणजे मोजले नाही, कारण शेवटच्या रकान्यात. रविवारी मोजणार : शाळेला लागून घर असलेली सातवीतली मुलगी.

गेल्या पावसाळ्यात तिनेच एका ओळीपुढे स्वतःहून लिहिलेले सापडले : "बाटली आडवी पडली होती. बहुतेक कुत्रा. आजचा आकडा धरू नये."