'डार्क शॅडोज'मधला लेव्हायथनचा वाद

'डार्क शॅडोज' ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची दुपारची मालिका २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. पाच वर्षांहून थोड्या कमी काळात तिचे १,२२५ भाग झाले. भूत, रक्तपिपासू पिशाच, चेटकीण, नरलांडगा अशी सगळी मंडळी रोजच्या कौटुंबिक मालिकेत आणणारी ही पहिली गाजलेली मालिका. तिच्या चाहत्यांचे बहुतेक गोष्टींवर एकमत असते. नोव्हेंबर १९६९ ते मार्च १९७० या काळातल्या 'लेव्हायथन' नावाच्या कथानकावर मात्र नसते. मालिकेची घसरण तिथून सुरू झाली, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते मालिकेने भयकथा म्हणून केलेला तो सर्वांत धीट प्रयोग होता.

या मालिकेत फसलेली कथानके आणखीही आहेत. निर्माता डॅन कर्टिसला आगगाडीने प्रवास करणाऱ्या एका तरुणीचे स्वप्न पडले आणि त्यातून मालिकेची कल्पना निघाली. मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावी, कॉलिनवुड वाड्यात, व्हिक्टोरिया विंटर्स नावाची अनाथ तरुणी डेव्हिड या मुलाची शिक्षिका म्हणून येते, ही सुरुवात. पहिले काही महिने भुते जवळजवळ नव्हतीच. एका खुनाचा तपास चालला होता आणि त्यात एका फाउंटन पेनाचा शोध इतके आठवडे रेंगाळला की 'पेनाचे भाग' हा चाहत्यांमध्ये थट्टेचा विषय झाला. १९६८ मधल्या 'स्वप्नशापा'चीही तीच गत. एकाला पडलेले भयानक स्वप्न त्याने दुसऱ्याला सांगायचे, मग ते दुसऱ्याला पडायचे, त्याने तिसऱ्याला सांगायचे. तेच दरवाजे आणि त्याच किंकाळ्या पुन्हा पुन्हा पाहाव्या लागत. ही कथानके कंटाळवाणी आहेत, हे त्यांचे चाहतेसुद्धा मान्य करतात, त्यामुळे त्यांच्यावर वाद होत नाही. लेव्हायथन कंटाळवाणे आहे की नाही, यावरच मुळात दुमत आहे.

मालिकेला जीवदान मिळाले ते एप्रिल १९६७ मध्ये. प्रेक्षकसंख्या इतकी घटली होती की मालिका बंद होण्याची वेळ आली होती. तेव्हा कर्टिसने बार्नाबस कॉलिन्स हे पिशाच आणले. विली लूमिस हा भुरटा चोर दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या दफनघरातली साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि पावणेदोनशे वर्षे कोंडलेला बार्नाबस बाहेर पडतो. हे पात्र थोड्याच दिवसांसाठी होते. पण जोनाथन फ्रिड या रंगभूमीवरच्या नटाने त्यात अशी वेदना आणली की त्याला मारणे अशक्य झाले. बार्नाबस माणसे मारतो आणि मारल्याचा पश्चात्ताप करतो. पूर्वजन्मीची वाटावी अशी जोसेट ही प्रेयसी तो प्रत्येक तरुणीत शोधतो. त्याच्यावर उपचार करणारी डॉक्टर जूलिया हॉफमन हळूहळू त्याच्या प्रेमात पडते, पण ते प्रेम कधीच फळत नाही. अपराधी पिशाच आणि त्याची हट्टी डॉक्टर ही जोडी हाच पुढे मालिकेचा कणा झाला. लेव्हायथनचा वाद समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवावे लागते.

त्यानंतर मालिका काळात मागे जाऊ लागली. नोव्हेंबर १९६७ पासून काही महिने कथा १७९५ मध्ये घडली आणि बार्नाबस पिशाच कसा झाला, अँजेलिक या चेटकिणीने त्याला शाप का दिला, ते कळले. मार्च १९६९ मध्ये बार्नाबस १८९७ मध्ये पोचला. तिथे डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन कॉलिन्स होता, जिप्सी होते, तुटलेल्या हाताचा शोध घेणारा काउंट पेटोफी होता आणि माणसाचा शाप स्वतःवर घेणारे चित्रही होते. हे कथानक आठ महिने चालले. मालिकेची लोकप्रियता याच वर्षी शिखराला पोचली. क्वेंटिनच्या ग्रामोफोनवर वाजणारी रॉबर्ट कोबर्टची धून अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीतही चढली. शाळा सुटल्यावर पोरे धावत घरी येत ती ही मालिका पाहायला. लेव्हायथन आले ते या यशाच्या पाठोपाठ, आणि त्याचे निम्मे दुर्दैव यातच आहे.

१८९७ मधून बार्नाबस थेट वर्तमानात परतत नाही. तो अठराव्या शतकाच्या अखेरीस जाऊन पडतो आणि रात्री रानात एका दगडी वेदीपाशी त्याला झगे घातलेले दोन उपासक भेटतात. मानवजातीच्याही आधी पृथ्वीवर राज्य करणाऱ्या लेव्हायथन नावाच्या शक्तींचे ते सेवक. ते बार्नाबसला ताब्यात घेतात आणि नागाची आकृती कोरलेली एक लाकडी पेटी देऊन १९६९ मध्ये पाठवतात. बार्नाबस ती पेटी गावात जुन्या वस्तूंचे दुकान चालवणाऱ्या फिलिप आणि मेगन टॉड या तरुण जोडप्याकडे पोचवतो. पेटी उघडते. आतून काय निघाले ते प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त श्वासाचा आवाज येतो. काही दिवसांत टॉडांच्या घरी एक तान्हे मूल असते. मग आठ वर्षांचा मुलगा, मग त्याहून मोठा, आणि १९७० च्या सुरुवातीला पंचविशीतला जेब हॉक्स. मधल्या काळात कॉलिनवुडची मालकीण एलिझाबेथ, लहानगा डेव्हिड आणि गावातले आणखी काही जण गुपचूप या पंथात ओढले जातात. एलिझाबेथचा परागंदा नवरा पॉल स्टोडार्ड वीस वर्षांनी परत येतो, तेव्हा आपण एके काळी नकळत आपली मुलगी कॅरोलिन हिचाच सौदा करून बसलो होतो, हे त्याला कळते. कॅरोलिनने जेबची वधू व्हायचे आणि लेव्हायथनांचे राज्य पुन्हा सुरू व्हायचे, असा हा बेत.

कल्पना कुठून आल्या ते उघड आहे. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या 'द डनविच हॉरर' या १९२९ मध्ये छापलेल्या कथेत भराभर वाढणारे अमानुष मूल आणि घरात कोंडलेला, न दिसणारा प्राणी दोन्ही आहेत. शेजारीपाजारीच सैतानाच्या पंथाचे निघतात, ही भीती 'रोझमेरीज बेबी' या १९६८ च्या चित्रपटाने नुकतीच घरोघर पोचवली होती. मालिकेने याआधीही ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, डोरियन ग्रे असे बिनदिक्कत उचलले होते, त्यामुळे उसनवारीचा आक्षेप फारसा कोणी घेत नाही.

खरा पहिला आक्षेप बार्नाबसवर आहे. अडीच वर्षे ज्याच्या मनातली घालमेल पाहायला प्रेक्षक येत होते, तो बार्नाबस आता थंड डोळ्यांचा हस्तक झाला. त्याच्यासाठी जिवावर उदार झालेल्या जूलियाला तो परक्यासारखे वागवू लागला. तो दुष्ट झाला याची तक्रार कोणी करत नाही, दुष्ट तो पहिल्यापासूनच होता. पण आता त्याच्या दुष्टपणाला त्याचे स्वतःचे काही कारण उरले नाही. हे लेखकांनाही जाणवले असावे. मध्येच खुलासा झाला की उपासकांनी जोसेटला ओलीस ठेवल्यामुळे त्याचा नाइलाज होता. थोड्याच काळात तो धाकही खोटा ठरला, बार्नाबस लेव्हायथनांवर उलटला आणि शिक्षा म्हणून पुन्हा पिशाच झाला. हे वळण चाहत्यांना आवडले. त्यासाठी इतके आठवडे घालवायला हवे होते का, हा प्रश्न मात्र राहिला.

दुसरा आक्षेप राक्षसावर. लेव्हायथनचे मूळ रूप एकदाही दाखवले गेले नाही. बंद दाराआडचा घरघरता श्वास, पाहणाऱ्याचा भेदरलेला चेहरा आणि मोडलेले सामान, एवढ्यावर भागवले गेले. विरोधकांना हा कंजूषपणा वाटतो, समर्थकांना संयम. यात समर्थकांची बाजू वरचढ वाटते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या एका छोट्या स्टुडिओत आठवड्याला पाच भाग व्हिडिओ टेपवर जवळपास एका दमात टिपले जात. टेपचे संकलन महाग पडे, म्हणून अडखळलेली वाक्ये, चौकटीत डोकावणारा माइकचा दांडा, हलणाऱ्या भिंती तशाच प्रक्षेपित होत. अशा जागी रबरी राक्षस उभा केला असता तर काय दिसले असते, याची कल्पना करावी.

तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप जेबवर आहे. जोवर पेटीतला जीव मूल होता, तोवर भीती वाढत होती. तो तरुण झाला आणि क्रिस्टोफर पेनॉकसारखा देखणा नट त्या भूमिकेत आला, तेव्हा लेखकांचा हात जुन्या सवयीकडे वळला. जेब कॅरोलिनवर खरोखर प्रेम करू लागला, त्याला माणूस व्हावेसे वाटू लागले आणि शेवटी त्याने ती पेटीच फोडली. विश्व गिळायला निघालेली शक्ती एका प्रेमिकाच्या तगमगीत विरली, आणि तशी तगमग मालिकेत बार्नाबस व क्वेंटिन आधीच अधिक चांगली करत होते. गोंधळ झाकायला मग जे हाताशी येईल ते घातले गेले: कबरीतून उठलेली प्रेते, जुना खलनायक निकोलस ब्लेअर, जेबच्या पाठी लागलेली शापित सावली आणि फरचा कोट घालून हिंडणारा ब्रूनो नावाचा हस्तक, ज्याच्या कोटावर आजही विनोद होतात. क्वेंटिनला लोकाग्रहास्तव वर्तमानात आणले, पण स्मृती गेलेला माणूस म्हणून. ज्या व्हिक्टोरिया विंटर्सपासून मालिका सुरू झाली, तिचा मृत्यूही या धांदलीत एका भुताच्या तोंडून कळवून टाकला. जुन्या चाहत्यांनी ही गोष्ट विसरलेली नाही. अखेर कड्यावरून ढकलला जाऊन जेब मरतो आणि कथानक आटोपते.

समर्थक बोट ठेवतात ते पहिल्या भागावर. टॉडांचे दुकान हा मालिकेतला एक उत्तम सेट आहे. मेरी वॉलेस आणि क्रिस्टोफर बर्नाऊ या दोघांनी साध्या, प्रेमळ जोडप्याचे पंथाच्या गुलामांत होणारे रूपांतर फार बारकाईने केले आहे. मेगनचे आईपण आणि वेड यांतली सीमा कधी पुसली गेली ते कळतही नाही. डेनिस पॅट्रिकचा पॉल स्टोडार्ड हाही असाच: फोनवर अनोळखी आवाज, दारूच्या गुत्त्यात आपल्याकडे रोखून पाहणारी माणसे आणि मदतीसाठी ज्याच्याकडे जावे तोच त्यांच्यातला. आपल्या घरातलेच माणूस आपले राहिलेले नाही, ही भीती या मालिकेने एरवी कधी इतक्या शांतपणे हाताळली नव्हती.

पडद्यामागची कारणेही मोजावी लागतात. सॅम हॉल, गॉर्डन रसेल आणि व्हायोलेट वेल्स असे मोजके लेखक हा रोजचा रतीब घालत होते आणि वेल्स या कथानकाच्या दरम्यान मालिका सोडून गेल्या. त्याच सुमारास कर्टिसचे लक्ष 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' या चित्रपटाकडे वळले होते. त्याचे चित्रीकरण १९७० च्या वसंतात न्यूयॉर्क राज्यातल्या टॅरीटाउनच्या लिंडहर्स्ट वाड्यात झाले. मालिकेतले प्रमुख नट तिकडे हवे होते, म्हणून कथा 'समांतर काळा'त, म्हणजे तीच माणसे वेगळे आयुष्य जगतात अशा दुसऱ्या जगात, नेली गेली आणि तिथे बार्नाबसला बराच काळ शवपेटीत कोंडून फ्रिडची सुटका करण्यात आली. लेव्हायथनचा शेवट इतका घाईचा का, याचे काहीसे उत्तर इथे मिळते.

प्रेक्षकसंख्या या हंगामात घटली हे खरे. पण तिचे सगळे खापर या कथानकावर फोडणे अन्यायाचे आहे. १८९७ नंतर काहीही आले असते तरी फिके पडले असते. शिवाय ज्या शाळकरी पोरांनी मालिका डोक्यावर घेतली, ती साबण आणि पिठे विकत घेणारी गिऱ्हाइके नव्हती. जाहिरातदारांना त्यांचे अप्रूप नव्हते. पुढच्या हंगामात आकडे आणखी उतरले, तेव्हा तर लेव्हायथन संपून बरेच महिने झाले होते.

पाहण्याची पद्धत बदलली तसा वादाचा तोलही बदलला. १९६९ मध्ये पेटीत काय आहे ते कळायला प्रेक्षक रोज अर्धा तास या हिशेबाने कित्येक आठवडे थांबला होता, आणि चुकलेला भाग पुन्हा दिसण्याची सोय नव्हती. १९८० च्या दशकात सार्वजनिक वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपण झाले, १९८९ पासून व्हिडिओ कॅसेट आल्या आणि २०१२ मध्ये शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात १३१ डीव्हीडींचा संपूर्ण संच निघाला. दहा भाग एका रात्री पाहणाऱ्याला संथपणा जाचत नाही. उलट सूत्र हातात राहते. त्यामुळे लेव्हायथनची बाजू घेणारे बहुधा नंतरच्या पिढीत भेटतात. चाहत्यांच्या मासिकांतून आणि १९८३ पासून भरणाऱ्या महोत्सवांतून पेनॉक आणि वॉलेस यांना मिळालेले प्रेमही या पुनर्विचाराला उपयोगी पडले.

दोन्ही पक्ष वेगवेगळ्या कथानकांबद्दल बोलत असल्यासारखे वाटते. पेटी उघडण्यापासून जेब मोठा होईपर्यंतचे लेव्हायथन मालिकेच्या चांगल्या कामात मोडते. त्यानंतरचे मोडत नाही. नव्या प्रेक्षकाने १७९५ आणि १८९७ आधी पाहावे, मग लेव्हायथनला हात घालावा, आणि पॉल स्टोडार्डचा शेवट झाल्यावर उरलेले भाग पळवत पाहिले तरी फारसे बिघडत नाही.