सत्तरी ओलांडली? आजार येण्याआधीच हे कार्ड काढा

रात्री आजीच्या छातीत दुखू लागतं. गाडी करून नागपूर किंवा रायपूर गाठलं जातं. दाखल करताना पहिला प्रश्न येतो, 'कार्ड आहे का?' गोंदियातल्या अनेक घरांची धावपळ इथूनच सुरू होते. ती टाळायची, तर काय माहीत हवं?

कार्ड कोणाला मिळतं?
७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. उत्पन्नाची अट नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत 'वय वंदना' कार्ड सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. कुटुंबाचं आयुष्मान कार्ड आधीच असेल, तरी ज्येष्ठांना हे ५ लाख वेगळे मिळतात.

वय कशावरून ठरतं?
आधारवरून. जन्मतारीख चुकीची असेल, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. आयुष्मान अ‍ॅपवर किंवा सेवा केंद्रात कार्ड निघतं. राबून बोटांचे ठसे पुसट झाले असतील, तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख चालते.

सत्तरीच्या आतल्यांचं आणि दिव्यांगांचं काय?
त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयानुसार ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली आणि मर्यादाही ५ लाख झाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर केंद्राची 'निरामय' योजनाही पाहा. तिच्यात १ लाखापर्यंत विमा असून बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचा खर्चही येतो. मात्र आधी बिल भरून नंतर परतावा मागावा लागतो.

कार्ड कुठे चालतं?
वय वंदना कार्ड देशभर चालतं. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या आमगाव, सालेकसा, देवरीकरांना याचा मोठा उपयोग आहे. पण रुग्णालय योजनेच्या यादीत हवं. निघण्याआधी १४५५५ वर विचारा. फुले योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

चूक कुठे होते?
या दोन्ही योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या, ठरलेल्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचं बिल त्यात बसत नाही. दुसरी चूक म्हणजे आधी पैसे भरून नंतर कार्ड दाखवणं. दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरीचं काम तिथूनच सुरू होतं. पैसे मागितले, तर पावती घ्या आणि याच क्रमांकांवर तक्रार करा.

आज घरातल्या ज्येष्ठांचं आधार काढून जन्मतारीख तपासा. कार्ड निघालं की त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.