१९९८ पासून मोजले तर?

‘जगाची तापमानवाढ १९९८ सालीच थांबली’ असे विधान बरीच वर्षे ऐकू येत होते. गंमत अशी की त्यामागचे आकडे खरे होते. मग चूक कुठे होती? हे वर्गात आलेख काढून पाहण्यासारखे आहे.

आधी आकडा तयार कसा होतो ते पाहू. समजा, आपण नागपूर आणि महाबळेश्वर यांच्या तापमानांची सरासरी काढत आहोत. एखाद्या वर्षी महाबळेश्वरच्या नोंदी मिळाल्याच नाहीत, तर सरासरी एकदम वर जाईल. ऊन मात्र होते तेवढेच! म्हणून प्रत्येक ठिकाणचे तापमान त्याच ठिकाणच्या जुन्या सरासरीशी ताडतात आणि फक्त फरक घेतात. अमेरिकेतील ‘नासा’ची गोडार्ड संस्था त्यासाठी १९५१ ते १९८० हा आधारकाळ धरते. जमीन आणि समुद्रपृष्ठ यांवरील अशा फरकांची क्षेत्रफळानुसार सरासरी काढली की जगाचा आकडा मिळतो.

या आकडेवारीत १९९८ चा फरक सुमारे ०.६ अंश सेल्सिअस आहे आणि २००८ चा त्याहून किंचित कमी. हे दोन बिंदू जोडले की रेघ खाली उतरते. पण सुरुवात एकच वर्ष पुढे सरकवून १९९९ आणि २००९ जोडून पाहा, रेघ सरळ वर चढते! कारण १९९७-९८ मध्ये प्रबळ एल निनो होता. अशा वेळी पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातील पृष्ठजल तापते आणि ती उष्णता हवेत येते. २००८ च्या आरंभी याउलट स्थिती, म्हणजे ला निना, होती. उंच पायरीवरून मोजायला सुरुवात केली, की पुढचे सारे सखलच दिसणार.

उलट बाजूनेही अशी फसगत होऊ शकते. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातून उंच वातावरणात गेलेल्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि १९९२ साली जग थोडे थंडावले. तेथून मोजल्यास वाढ आहे त्याहून अधिक भासते. तेही आम्हांला मान्य नाही.

यावर उपाय साधा आहे, दहा-दहा वर्षांची सरासरी घ्यावी. १९८० ते ८९ या दशकाचा फरक सुमारे पाव अंश, पुढच्या दशकाचा ०.४, त्यानंतर ०.६ आणि २०१० ते १९ चा ०.८ अंश. एल निनो येतात, जातात. ही चढण मात्र मोडत नाही.

हीच कसोटी २०२४ लाही लावायला हवी. जागतिक हवामान संघटनेनुसार ते वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते. (येथे आधारकाळ वेगळा आहे, म्हणून वरच्या आकड्यांशी थेट तुलना नको.) त्यामुळे २०१५ च्या पॅरिस करारातील १.५ अंशांची मर्यादा ओलांडली गेली का? ती मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे. शिवाय २०२३-२४ मध्येही एल निनो होताच.


विद्यार्थ्यांना १९८० पासूनचे आकडे द्या आणि आलेखावर कागदाची पट्टी ठेवून एका वेळी दहाच वर्षे दिसू द्या. पट्टी सरकवताना किती वेळा रेघ उतरती दिसते, ते त्यांनाच मोजू द्या.